पावडरीखालची खाच

मला दरवर्षी जूनमध्ये कामावर घेत आणि एप्रिल संपला की विसरून जात. सात वर्षं हे चाललं. सरकारी कागदात याला ‘तासिका तत्त्व’ म्हणतात. यात तत्त्व कुठलं आहे, ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. तास चालू असेपर्यंत तुम्ही प्राध्यापक, घंटा झाली की कुणीच नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. टेबलापलीकडं तीच माणसं, जी तुम्हाला रोज व्हरांड्यात पाहतात आणि तरी विचारतात, “तर मॅडम, स्वतःबद्दल थोडं सांगा.”

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं कॉलेजातले मजेशीर अनुभव मागितले होते. मजा थोडी येईल, कारण कोल्हापुरात माणसानं तोंड उघडलं की ती येतेच. पण मी मजेसाठी लिहीत नाही. मी एका टेबलाबद्दल लिहिते आहे. त्या टेबलावर काय झालं, हे कुठंतरी खरं छापून यावं, एवढाच हेतू. कॉलेजचं नाव घालत नाही. तसली कॉलेजं इतकी आहेत की एकाचं नाव घालणं म्हणजे बाकीच्यांना सोडून देणं होईल.

आधी माझं काम सांगते. नातेवाईक विचारतात, पीएचडी कशात केलीस? मी म्हणते, बिलियर्ड्समध्ये. ते लगेच विषय बदलतात. माझ्या मावशीनं तर लग्नाच्या बायोडाट्यात नुसतं ‘गणित’ लिहायचं, पुढं वाढवायचं नाही, असा हुकूमच काढला होता.

खेळाशी माझ्या कामाचा संबंध एवढाच की टेबल आहे आणि चेंडू आहे. आमच्या टेबलाला भोकं नसतात. चेंडू म्हणजे नुसता ठिपका. घर्षण नाही, म्हणून एकदा सोडलेला चेंडू थांबत नाही. तो सरळ जातो, कडेला आपटतो आणि ज्या कोनानं आला त्याच कोनानं पलीकडं निघतो, आरशावर पडलेल्या उन्हासारखा. टेबलाचा आकार वाटेल तो घ्या, फक्त तो बहिर्वक्र पाहिजे. म्हणजे कडेवरच्या कुठल्याही दोन जागांमध्ये दोरा ताणला तर तो टेबलाच्या आतच राहिला पाहिजे. कुठं कड आत घुसलेली नको. ताट चालेल, अंडं चालेल, नदीतला झिजून गुळगुळीत झालेला गोटा चालेल. चंद्रकोर चालणार नाही.

प्रश्न असा, की अशा टेबलावर चेंडू ठराविक धडकांनंतर पुन्हा नेमका आपल्याच वाटेला लागेल का? आणि मग तीच वाट कायम गिरवत राहील का? दोन धडकांची अशी वाट असेल? तीन धडकांची? सतरा? गोल ताटात हे सोपं आहे. नदीतल्या गोट्यावर काय?

उत्तर आहे, हो. कुठलाही गुळगुळीत बहिर्वक्र आकार घ्या आणि धडकांची दोनापासून पुढची कुठलीही संख्या घ्या, अशी वाट असतेच. आणि एक नाही, निदान दोन असतात. सुमारे शंभर वर्षांपूर्वी हे सिद्ध झालं. दोन धडकांपुरती सिद्धता दोऱ्यानं दाखवता येते. टेबलात मावेल तेवढी सर्वांत लांब सरळ रेघ शोधा. ती दोन्ही टोकांना कडेशी काटकोनातच असणार. जराशी तिरकी असती, तर टोक कडेवरून थोडं सरकवून ती आणखी लांब करता आली असती, मग ती सर्वांत लांब कसली? काटकोनात आपटलेला चेंडू आल्या वाटेनं परत जातो. झालं. तीन धडकांना सर्वांत मोठ्या घेराचा त्रिकोण शोधा, युक्तिवाद तोच.

दुसरी वाट शोधायला जरा डोकं चालवावं लागतं. त्या लांब रेघेच्या जागी लहानमोठी होणारी एक दांडी समजा. दोन्ही टोकं कडेवरच ठेवून ती फिरवायची आणि टोकांची अदलाबदल करायची. मध्ये कुठंतरी ती आखूड होणारच. कमीत कमी आखूड करावी लागेल अशा बेतानं फिरवा. त्या फिरवण्यात ती जिथं सर्वांत आखूड होते, तिथं दुसरी वाट आहे. पन्हाळ्यावरून शेजारच्या डोंगरावर जायचं आहे आणि कमीत कमी उतरायचं आहे, तर जिथं सर्वांत खाली यावंच लागतं ती खिंड. तशी ही आखूड वाट.

एवढं समजलं तर पुढचं सगळं समजेल. आमच्या विभागप्रमुखांना एवढंही समजून घ्यायचं नव्हतं.

प्रतीक्षा ही माझ्या शेवटच्या वर्षाच्या वर्गातली मुलगी. रोज कुरुंदवाडहून एस.टी.नं यायची. तिनं घरी जाऊन सांगितलं, मॅडम बिलियर्ड शिकवतात. दुसऱ्या दिवशी तिचे वडील हेल्मेट काखेत धरून विभागात हजर. दूध संकलन केंद्रावर काम करणारे, आवाज असा की शेजारच्या वर्गातला तास थांबला.

“बिलियर्डाच्या मॅडम तुमीच व्हय?”

“हो, बसा ना.”

“बसायला न्हाय आलो. हे बिलियर्ड का काय ते आमच्या गावाकडं कुठं खेळत्यात ठावं हाय का? बारच्या वरच्या माडीला. आन तुमी पोरींना शिकवाय लागलाय?”

मी कॅन्टीनमधून एक ताट मागवलं, शिवणाचा दोरा घेतला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, कडेपासून कडेपर्यंत जास्तीत जास्त लांब ताणून दाखवा. माणूस रागावलेला होता, पण काम दिलं की हात गप्प बसेनात. अंगठा कडेवरून सरकवत त्यांचं चालू झालं, “हितं कमी हाय. थांबा. हां, लांबला. अजून लांबला. आता न्हाय लांबत.”

“आता कडेशी कसा आहे बघा.”

ते वाकले. “काटकोनात की ओ!” मग मान वर करून म्हणाले, “एवढंच हाय? मग बिलियर्ड कशाला म्हणताय? ताट-दोरा म्हणा की. घरात भांडणं तरी हुणार न्हाईत.”

मागच्या हिवाळ्यात कॉलेजात तपासणी समिती येणार असं कळलं. हा सोहळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खिडक्या उघडतात. कुंड्या येतात. स्वच्छतागृहाला कडी बसते. प्रयोगशाळेतल्या उपकरणांवरची धूळ पुसून त्यांना नावाच्या पट्ट्या लावतात, म्हणजे शिक्षकांनाही ती काय आहेत ते कळतं. आणि हे सगळं कोण करतं? ज्यांची नावं कायमच्या यादीत नाहीत ती माणसं. तासिकावाले, रोजंदारीवाले, शिपाई.

विभागप्रमुखांनी मला बोलावलं. त्यांना मी पुढं नुसतं ‘सर’ म्हणते. सर म्हणाले, “मॅडम, काहीतरी हलणारं दाखवा. तक्ते बघून समितीला झोप येते.”

मी म्हटलं, बिलियर्डचं टेबल करू. आणि उत्साहात तिथंच माहितीफलक लिहून दिला: या अंडाकृती टेबलाच्या सर्वांत लांब रेघेवर सोडलेला चेंडू त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा परत येतो. सरांना तो फार आवडला. त्यांनी त्याची मोठी पाटी करायला लगेच पाठवली. हे वाक्य मी लिहिलं होतं, हे आत्ताच कबूल करून ठेवते.

टेबल करायला मी रशीदचाचांकडं गेले. लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात त्यांचं कॅरम बोर्डाचं काम चालतं. दारात रचलेल्या चौकटी, हवेत लाकडाचा भुसा, आणि चाचा नाकावर चष्मा ओढून पट्टीला डोळा लावून बसलेले.

“आकार कसा पायजे?”

“अंड्यासारखा. पण दोन्ही टोकं सारखी नकोत, एक निमुळतं.”

“कोंबडीचं का बदकाचं?”

मी हसले. ते हसले नाहीत. “हसताय काय? कोंबडीचं बुटकं असतंय, बदकाचं लांब. साचा येगळा पडतोय.”

“बदकाचं,” मी म्हटलं.

त्यांनी पातळ पट्ट्या भिजवून, वाकवून, एकावर एक चिकटवून कड केली. आतून सायकलच्या ट्यूबचं रबर. तळाला काळा सनमायका. चेंडू म्हणून ट्रकच्या बेअरिंगमधली पोलादी गोळी. सनमायकावर कॅरमची पावडर भुरभुरायची, इतकी पातळ की गोळी गेली की तिची वाट रेघेसारखी दिसावी. ही युक्ती त्यांची. मी सात वर्षं ज्या वाटा कागदावर काढत होते, त्या मला त्या बोळात पहिल्यांदा डोळ्यांनी दिसल्या.

आणि पहिल्याच वाटेनं दगा दिला. लांब रेघेवर गोळी सोडली. समोरच्या टोकाला आपटून परत येताना ती जराशी बाजूला सरकली. दुसऱ्या धडकेनंतर आणखी. तिसऱ्या धडकेनंतर ती भलतीकडंच भटकत गेली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. वीस वेळा सोडली.

मी म्हटलं, “चाचा, कड वाकडी आहे.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, गोळीकडं पाहिलं आणि सँडपेपर उचलला. दोन दिवसांनी बोलावलं. तेच. मी पुन्हा म्हटलं, निमुळत्या टोकाला कुठंतरी उंचवटा राहिलाय. ते म्हणाले, “बाई, ह्या बोटांना केसभर उंचवटा कळतोय. न्हाय तिथं.” पण त्यांनी पुन्हा रबर काढलं, पुन्हा कड घासली, पुन्हा रबर लावलं. तिसऱ्या वेळी मी तेच बोलले तेव्हा ते चष्मा काढून पुसत बसले.

त्या दिवशी प्रतीक्षा माझ्यासोबत आली होती. ती कोपऱ्यातल्या फळकुटावर वही घेऊन बसली होती. म्हणाली, “मॅडम, चाचांची कड शंभर टक्के बरोबर असली तरी असंच हुणार की.”

“का?”

“टोकाची कड जास्त वळलेली हाय. गोळी केसभर बाजूला लागली की कड तिला आत ढकलती, पर इतकं जोरात ढकलती की पलीकडं पोचेपर्यंत ती मधली रेघ ओलांडून पहिल्यापेक्षा लांब जाती. मग तिथनं आणखी. प्रत्येक धडकंला चूक वाढत जाती. मी गुणाकार काढलाय, बघा.”

मी वही घेतली. बरोबर होतं.

“आन मॅडम,” ती जरा आवाज खाली करून म्हणाली, “हे तुमच्याच प्रबंधात हाय. चौथ्या प्रकरणात.”

होतं. चौथ्या प्रकरणात मी स्वतः लिहिलं होतं की वाट असणं वेगळं आणि वाट टिकणं वेगळं. अशा टेबलावरची सर्वांत लांब वाट असते खरी, पण गोळी नेमकी, बिनचूक तिच्यावर ठेवली तरच. माणसाच्या हातून ते होत नाही. आखूड वाट मात्र टिकाऊ. तिथं कड बेताची वळलेली असते, बाजूला सरकलेल्या गोळीला ती हळूच मध्ये आणते. हे सिद्ध करून मी डॉक्टर झाले. आणि प्रत्यक्ष टेबलासमोर उभी राहिले तेव्हा मला माझं वाक्य चुकलं असेल असं क्षणभरही वाटलं नाही. सुताराचा हात चुकला असेल असं वाटलं. तीनदा वाटलं. कागदावर सिद्ध झालेलं जगात दिसलं नाही, की आम्ही पदवीवाले आधी हातानं काम करणाऱ्याकडं बोट दाखवतो. मी भाषणं ठोकायचे या विषयावर. आणि बोट दाखवलं ते मीच.

मी चाचांची माफी मागितली. ते म्हणाले, “माफी ऱ्हाऊ द्या. आखूड बाजूनं सोडा बघू.”

प्रतीक्षानं गोळी सोडली. गोळी गेली, आपटली, परत आली, पुन्हा गेली. पावडरीत एकच जाडसर पट्टा उमटत राहिला आणि गोळी दमून त्याच पट्ट्यात थांबली.

“म्हणजे टेबलाला दोष न्हाय,” चाचा म्हणाले.

“नाही.”

“मग सायबास्नी सांगा तसं.”

मी सरांना सांगायला गेले. म्हटलं, पाटी बदलू. दोन्ही वाटा दाखवू. लांब वाटेवर गोळी कशी भटकते आणि आखूड वाटेवर कशी टिकते. हेच खरं गणित आहे, आणि प्रतीक्षानं ते स्वतः काढलंय, तिचं नाव घालू.

सर पाटी पुसत होते. ती छापून आली होती, चकचकीत. “मॅडम, समितीला फसलेला प्रयोग दाखवायचा?”

“फसलेला नाही सर. असाच असतो.”

“पाटीवर काय लिहिलंय? परत येतो. कुणी लिहिलंय? तुम्ही. मग तो परत आला पाहिजे.” मग ते खुर्चीत मागं रेलले. “एक बारीक खाच मारून घ्या लांब रेघेवर. पावडर टाकल्यावर कुणाच्या बापाला दिसतेय?”

मला वाटलं, गंमत करताहेत. गंमत नव्हती. टेबल तोवर विभागात येऊन पडलं होतं. त्यांनी चाचांना तिथं बोलावून घेतलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, टेबलाच्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “साहेब, खाच मारायची असली तर नाला बांधून घ्या, गोळी बरोबर वाहत जाईल. त्याला टेबल कशाला पायजे? मी मारणार न्हाय.” आणि चहा न घेता निघून गेले.

त्यांना जाता आलं. त्यांचं दुकान होतं. सर माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, “जूनमध्ये या वेळी अर्ज बरेच आहेत मॅडम. मी तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच सांगत आलोय.”

एवढंच. धमकी अशीच असते. आवाज चढत नाही, चहा गार होत नाही. समोरचा तुम्हाला फक्त आठवण करून देतो की तुम्ही कशावर उभे आहात.

दुसऱ्या दुपारी प्रयोगशाळेतल्या माणसाला बोलावलं. तोही रोजंदारीवरचा, त्याच्यावर माझा राग नाही. तो खाच पाडायचं हातमशीन घेऊन आला. त्याला सरळ रेघ हवी होती, पट्टी सरकत होती. सर म्हणाले, “मॅडम, जरा धरा.”

मी पट्टी धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. आणि रेघ चांगली सरळ आली. कडेशी दोन्ही बाजूंना काटकोनात.

मी घरी जाऊन स्वतःला पुष्कळ कारणं दिली. ती इथं लिहीत नाही. ज्यांनी अशी पट्टी कधी धरली आहे, त्यांना ती पाठ असतील.

समिती आली. तीन माणसं, त्यात एक वयस्कर बाई, साधी सुती साडी, पायात चपला झिजलेल्या. त्या गणिताच्या होत्या हे मला नंतर कळलं. प्रात्यक्षिक प्रतीक्षानं करायचं ठरलं होतं. तिला खाचेबद्दल मी सांगितलं नव्हतं. मला तोंड नव्हतं. पण सकाळी पावडर टाकताना तिच्या बोटांना ती लागली असणार. माझ्याकडं तिनं ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून मला ते कळलं.

तिनं गोळी सोडली. गोळी लांब रेघेवरून गेली, परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. पाच फेऱ्या. एक मिलिमीटर इकडंतिकडं नाही. समितीतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हात जोडले.

त्या बाई टाळ्या न वाजवता टेबलाकडं बघत होत्या. “लांब अक्षावर? एवढ्या फेऱ्या? हे कसं काय जमलं?”

“सराव मॅडम,” सर म्हणाले. “आमचे विद्यार्थी खूप सराव करतात.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. मी सनमायकाकडं बघत उभी राहिले.

बोलली प्रतीक्षा. बोललीही नाही. ओढणीचं टोक हातात धरून तिनं टेबलावरची पावडर एका फटक्यात पुसली. काळा सनमायका उघडा पडला आणि मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाचेत भरून राहिलेल्या पावडरीची पांढरी रेघ तेवढी शिल्लक राहिली. खडूनं आखल्यासारखी.

टाळ्या वाजवणाऱ्या दोघांनी हात खाली घेतले.

सर सावरायला फार वेळ घेत नाहीत. “हा विद्यार्थ्यांचा चावटपणा दिसतोय,” ते म्हणाले. “कार्टी शॉर्टकट मारतात. मॅडम, तुम्ही यांना असलं काही करायला सांगितलं होतं का?”

काय प्रश्न होता! मी हो म्हटलं तर मी गेले. नाही म्हटलं तर प्रतीक्षा गेली. त्यांनी मला उत्तराच्या दोन वाटा दिल्या होत्या आणि दोन्हींतून ते स्वतः सुखरूप बाहेर पडत होते. आणि मला माहीत होतं की त्यांना माझं उत्तर माहीत आहे. सात वर्षं त्यांनी मला पाहिलं होतं. जूनला टेकलेलं माणूस काय बोलतं ते त्यांना ठाऊक होतं.

“नाही,” मी म्हटलं. “मी सांगितलं नाही. प्रतीक्षानं मारलेली नाही. खाच परवा दुपारी तुम्ही मारून घेतली सर. मशीनवाल्यानं मशीन चालवली आणि पट्टी मी धरली होती.”

माझा आवाज कापत होता. रागानं कापत होता असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. भीतीनं कापत होता. राग त्यानंतर आला, आणि अजून गेलेला नाही.

सर म्हणाले, “मॅडमची तब्येत बरी नाही वाटतं.” बाकीच्या दोन सदस्यांनी घड्याळ पाहिलं. त्या वयस्कर बाई मात्र प्रतीक्षाला म्हणाल्या, “बाळ, आखूड बाजूनं सोडून दाखव.” प्रतीक्षानं पुन्हा पावडर भुरभुरली, गोळी ठेवली आणि सोडली. बाई खाली वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, गोळी थांबेपर्यंत बघत राहिल्या. “का टिकते ते सांगता येईल?” प्रतीक्षानं सांगितलं. न थांबता, न अडखळता, कुरुंदवाडच्या भाषेत. बाई म्हणाल्या, “छान.” आणि समिती रसायनशास्त्राकडं गेली.

तुम्हाला वाटेल, पुढं काहीतरी झालं असेल. काही झालं नाही. अहवालात गणित विभागाच्या ‘कल्पक अध्यापन साधना’चं कौतुक आलं. तो कागद विभागात लावला आहे. सर सरच आहेत. फेब्रुवारीत प्रयोगशाळेतल्या माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. म्हणजे ज्याचा यात सर्वांत कमी दोष, तो सर्वांत आधी गेला, आणि मी खरं बोलताना त्याचा विचार केला नव्हता. ‘मशीनवाल्यानं’ असं मी म्हटलं होतं. तो शब्द मी गाळू शकले असते. प्रतीक्षाला तोंडी परीक्षेत काठावर काढलं. लेखीत तिला विषयात सर्वांत जास्त गुण होते, त्यामुळं तिला बुडवता आलं नाही, एवढंच. तिचे वडील मला फोनवर म्हणाले, “मॅडम, पोरगीनं केलं ते बराबर केलं. पर तुमी आधी बोलायला पायजे हुतं.” मी म्हटलं, हो.

जूनमध्ये मी अर्ज केला. मुलाखतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. ऑफिसात विचारलं, तर म्हणाले, एक प्रमाणपत्र जोडलेलं नाही. सात वर्षं तेच अर्ज, तीच प्रमाणपत्रं. आता मी जयसिंगपूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला शिकवते. तिथं वर्तुळ येतं, लंबवर्तुळ येतं. टेबल येत नाही.

माझे वडील कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. वडिलांचा एक नियम होता. पत्रकात जेवढं सिद्ध करता येईल तेवढंच लिहायचं, बाकी राग घरी ठेवून जायचं. जूनमधल्या त्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी एक पत्रक छापून घेतलं. एक कागद, दोन्ही बाजूंनी. मथळा: ‘लांब वाट का टिकत नाही’. आत प्रतीक्षाचा गुणाकार, सोप्या मराठीत, आकृतीसह. खाली: गणित, प्रतीक्षा. टेबल, रशीदचाचा. कॉलेजचं नाव नाही, खाचेचा उल्लेख नाही, एक शिवी नाही. मुलाखतीच्या दिवशी सकाळी गठ्ठा घेऊन मी कॉलेजच्या फाटकात उभी राहिले आणि येईल त्याच्या हातात एकेक देऊ लागले. फायली छातीशी धरून आलेले उमेदवार मुलाखतीच्या तयारीचा कागद म्हणून तो घेत होते.

वॉचमन जवळ आला. “मॅडम, हापिसातनं सांगितलंय, आत न्हाय वाटायचं. फाटकाच्या भाईर उभारा की. मला बी एक द्या.”

मी बाहेर उभी राहिले. त्याला एक दिलं.

साडेनऊला सरांची गाडी आली. काच खाली झाली. हात बाहेर आला. मी पत्रक दिलं. गाडी फाटकातच थांबवून त्यांनी ते वाचलं. पुढून वाचलं, मागून वाचलं, पुन्हा पुढून. बोट ओळीवरून फिरवत ते स्वतःचं नाव शोधत होते. मागं दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

“माझ्याबद्दल काही नाही यात,” ते म्हणाले.

“नाही सर. नुसतं गणित आहे.”

त्यांचा चेहरा सैल झाला. मग पुन्हा त्यांनी खालची दोन नावं पाहिली आणि कपाळाला आठी पडली. “पण टेबल तर विभागाचं आहे. माझ्या काळात झालेलं आहे. मग माझं नाव का नाही?”

“ज्यांनी काम केलं त्यांची घातली आहेत सर. माझंही नाही.”

ते काहीतरी बोलणार होते, पण मागचे हॉर्न फारच वाढले. गाडी आत गेली. एक उमेदवार मुलगी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, हा गुणाकार समजला नाही. दहा मिनिटं आहेत माझ्याकडं, सांगता?”

मी गठ्ठा फाटकाच्या खांबावर ठेवला, पिशवीतून दोरा काढला आणि त्याचं एक टोक तिच्या हातात दिलं.